काठवाल्या बाई

कचेरीतल्या त्या खोलीत देशाचा नकाशा भिंतभर पसरला होता आणि त्यात तीनशे बारा टाचण्या टोचलेल्या होत्या. समुद्राच्या निळ्या आणि आतल्या पाण्याच्या, म्हणजे तळ्यांच्या-नद्यांच्या, हिरव्या. देश एवढा ऐसपैस, की या टोकाच्या निळ्या टाचणीपासून त्या टोकाच्या निळ्या टाचणीपर्यंत रेल्वेने चार दिवस लागत. बाई खुर्चीवर चढल्या की दोन्हीकडे हात पोचायचा.

पोहण्याजोग्या किनाऱ्यांची पुस्तिका दरवर्षी निघे. एकोणीस वर्षं ती बाईच काढत होत्या. कुठली वाळू पायाला टोचते, कुठे सावली आहे, कुठे चौथ्या पावलाला पाणी गळ्याशी येतं, सगळं तोंडपाठ.

"आणि तुमचा पाय कुठल्या पाण्यात भिजलाय हो, वन्सं?" वहिनी विचारायची.

"बादलीतल्या."

वहिनी पोट धरून हसायची. मग भावाची बदली झाली आणि ते हसणंही परगावी गेलं. आईच्या आजारपणात बाईंची सुट्टी घ्यायची सवय मोडली होती. आई गेल्यावर, सुट्टी घेऊन करायचं काय, हा नवाच प्रश्न होता.

हंगामात प्रत्येक रखवालदाराने किती माणसं आली ते दर सोमवारी फोनवर कळवायचं, असा नियम होता. बहुतेक जण महिन्याचं एकदम पोस्टकार्डावर उरकत. नेमाने फोन करायचा तो एकच, देशाच्या पार पोटातल्या एका तळ्याचा म्हातारा रखवालदार. बरोब्बर दहाला.

"हॅलो, किनाऱ्यावरून बोलतोय."

"काका, तळ्याला काठ असतो. किनारा समुद्राला."

"वाळू आहे, पाणी आहे, वारा सुटला की लाटही येते. आता काय शिंगं फुटायला हवीत? लिहा किनारा, काठवाल्या बाई."

"माणसं किती?"

"दोन."

दर सोमवारी दोन. बाई लिहून घेत आणि मग उगाच विचारत, पाणी किती चढलं, बदकं आली का. आठवडाभरात त्यांना आलेला तेवढाच एक फोन असे, ज्यात समोरच्याला घाई नसे.

यंदा मात्र तीन सोमवार फोन वाजला नाही. चौथ्या सोमवारी वाजला.

"एक," म्हातारा म्हणाला. किनारा-काठ काही नाही.

"आणि दुसरं माणूस?"

"दुसरी आमची मंडळीच होती, बाई. संध्याकाळी आम्ही दोघंच उतरायचो पाण्यात. खोटं नाही बोललो हो. कोण आलं, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत."

बाईंनी कागदावर पेन टेकवलं होतं. उचलायचं राहून गेलं आणि शाईचा ठिपका पसरत गेला.

त्याच महिन्यात नवे साहेब आले. त्यांना पुस्तिका आटोपशीर हवी होती आणि फोनवरचे आकडे नको होते, प्रत्येक ठिकाणच्या वहीची पानं हवी होती. तळ्याचं पान आलं. त्यावर पहिल्यापासून दोनच सह्या, खाली खाली एकच.

"रखवालदार नवरा-बायकोच्याच ना या?" साहेब म्हणाले. "हंगामात एकही पाहुणा नाही. गाळा."

"नाव गाळलं की चौकी बंद होईल, साहेब. फोनही काढतील."

"कोण करतं तिथे फोन?"

बाईंनी नियमांची चोपडी काढली. 'पाहुणा म्हणजे रखवालदार व त्याच्या घरची माणसं सोडून कोणीही.' कोणीही! बाईंनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं आणि रजेचा अर्ज लिहिला.

"बरं नाही का?" साहेबांनी विचारलं.

"बरं आहे. म्हणूनच."

दीड दिवस रेल्वे, मग बस, मग मैलभर पायपीट. दुपार कलताना चौकी दिसली. दारात दोन खुर्च्या होत्या. एकीवर म्हातारा बसला होता, दुसरीवर घडी घातलेला टॉवेल.

"पोहायला?" तो ओशाळून उठला. पाहुण्याशी काय बोलतात, ते बहुधा विसरला होता.

"बघते, पाणी किती चढलंय ते."

आवाज ऐकून तो थबकला. "काठवाल्या बाई!"

बाई पाण्याकडे बघत होत्या. मघापासून त्या पलीकडचं काहीतरी शोधत होत्या, झाड, घर, एखादी रेघ. नुसतं पाणीच होतं, आभाळाला टेकलेलं.

"काका, समोरचं काहीच दिसत नाही."

"तेच तर सांगतोय इतकी वर्षं. काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो. इथे दिसतो का?"

बाईंनी चपला काढल्या, कपडे गुडघ्यापर्यंत आवरले आणि पाण्यात शिरल्या. पाणी चांगलंच गार होतं. चौथ्या पावलाला ते गळ्याशी आलं नाही, पोटरीशीच राहिलं. पुस्तिकेतही तसंच लिहिलं होतं.

"थांबा जरा, वारा सुटेल," म्हातारा मागून म्हणाला. "लाट येईल."

बाई थांबल्या. बसची वेळ होईपर्यंत थांबल्या. वारा काही सुटला नाही. जाताना त्यांनी वहीत सही केली आणि पत्त्याच्या रकान्यात कचेरीचा न घालता घरचा पत्ता घातला.

पुस्तिका वेळेवर छापून आली. त्याआधी तळ्याचं पान पुन्हा आलं, तेव्हा साहेबांनी सही पाहिली, बाईंकडे पाहिलं, चोपडी मागवून वाचली आणि मिटून ठेवली. तीनशे बारावं नाव जागच्या जागी राहिलं. 'काठ' खोडून बाईंनी तिथे 'किनारा' केलं होतं.

सोमवारी दहाला फोन वाजला.

"किनाऱ्यावरून बोलतोय."

"बोला काका. किती?"

"एक. मीच." मग जरा थांबून, "पण बाई, आज वारा आहे. लाट येतेय. धरा हं, ऐकवतो."

त्याने रिसीव्हर दाराबाहेर धरला असावा. बाईंनी दुसरा कान बोटाने बंद केला. तारेची बारीक घूं तेवढी ऐकू येत होती, एवढ्या मोठ्या देशातून येता येता दमलेली.

"आली का ऐकू?"

"आली," बाई म्हणाल्या. "अजून जरा धरा."