मोल्तेची बशी

कडेला उडालेला टवका आणि पुसट झालेली निळ्या फुलांची वेल, एवढीच आता माझी ओळख उरली आहे. मित्रांनो, मी एक जुनी चिनीमातीची बशी आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, बोर्गहिल्डबाईंच्या स्वयंपाकघराबाहेर, मागच्या पायरीवर मी असते. माझ्याखाली एक उपडी लाकडी पेटी आहे. मांजराची बशी जमिनीवर असायची, ती पेटीवर कशी चढली, हे कोणी मला विचारत नाही. तुम्ही वेळ काढून थांबलाच आहात, तर सांगते.

मी मूळची ओली पांढरी माती. साच्यात दाबून माझा आकार घडवला, भट्टीत मला भाजले, आणि एका बाईने बारीक कुंचल्याने माझ्या कडेवर वेल काढली. बोर्गहिल्डबाईंच्या लग्नात बशांचा पूर्ण संच आहेरात आला, त्यात मी होते. पुढची कित्येक वर्षे माझी मोठ्या मानाची गेली. रविवारी कॉफीबरोबरचा केक माझ्यावर, नाताळची बिस्किटेही माझ्यावर. पाहुणे मला उलटी करून पाठीवरचा शिक्का बघत आणि वा वा म्हणत. खोटे कशाला बोलू, तेव्हा मी जरा चढूनच गेले होते. मग एकदा धुताना बाईंच्या हातून निसटले, नळावर आपटले आणि माझा टवका उडाला. त्याच दिवशी माझी कपाटातून उचलबांगडी झाली ती थेट जमिनीवर, मांजरांपुढे!

बोर्गहिल्डबाई लांब केसांची जातिवंत मांजरे पाळत. कानांवर केसांचे तुरे, गळ्याभोवती झुबकेदार कॉलर, शेपूट धूळ झटकायच्या झाडूएवढी. वंशावळीची कागदपत्रे असलेली ही मांजरे घ्यायला लोक लांबून बोटीने येत. माझा नवा हुद्दा मला आधी फार लागला. पण लवकरच कळले की इथे माझ्यावाचून अडते. खोल वाडग्यात तोंड घातले की पिल्लांच्या मिशा कडांना घासतात, गळ्याचे केस खाण्यात बुडतात. मी पसरट, त्यामुळे पिल्ले माझ्याभोवती गोल बसून निवांत जेवत. केकपेक्षा मला त्यांच्या खरखरीत जिभा आवडू लागल्या.

खाण्याच्या बाबतीत बाई फार काटेकोर होत्या. पिल्लांना दात फुटू लागले की त्यांच्यासाठीचे खास खाणे कोमट पाण्यात भिजवून, मऊ करून देत. एकदम पोटभर नाही, थोडे थोडे, पुष्कळदा. गाईचे दूध घरात आलेले असले तरी पिल्लांना नाही, कारण त्याने त्यांचे पोट बिघडते. कांदा घातलेले काही नाही, खारवलेला मासा नाही, काटा तर नाहीच. प्यायचे पाणी वेगळ्या भांड्यात, रोज ताजे. लांब केसांचे पिल्लू स्वतःला चाटताना केस गिळते, म्हणून रोज कंगवाही फिरवत. माझ्यातले उरलेसुरले त्या लगेच काढून टाकत आणि मला गरम पाण्याने घासत. इतकी काळजी घेणाऱ्या घरात असे घडावे, याचेच मला अजून वाईट वाटते.

त्या वर्षी तूवा नावाच्या मांजरीला उन्हाळ्यात पिल्ले झाली. बाकीची नेहमीप्रमाणे पाने गळायच्या आत नव्या घरी गेली. एक मागे राहिली. सगळ्यांत बारकी, इथल्या दलदलीत मिळणाऱ्या केशरी बेरीच्या रंगाची. त्या बेरीला इथे मोल्ते म्हणतात, तेच तिचे नाव पडले. बाईंनी तिला द्यायचे नाही असे ठरवले. म्हाताऱ्या झाल्या होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती. वसंतात शहरात मांजरांचे प्रदर्शन भरते, तिथे हिला न्यायचे आणि मग आयुष्यभर जवळ ठेवायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

मग हिवाळा आला. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य डोंगरामागून वर येतच नाही. म्हणून घरोघरी सकाळी न्याहारीआधी चमचाभर तेल घेतात, कॉड माशाच्या कलेजीचे. ऊन नाही तर तेल तरी हवे, नाहीतर मुलांची हाडे वाकतात, हे इथे सगळे आईच्या मांडीवरच शिकतात. बाईंनी स्वतःचा चमचा तोंडात रिकामा केला आणि पायाशी बघितले.

"ये गं बये. आईने मला पाजलं, मी तुला पाजते. हाडं कशी सरळ राहतील बघ!"

आणि माझ्यातल्या खाण्यावर एक चमचा तेल पडले. याआधीची पिल्ले हिवाळ्यापूर्वीच जात, आणि तूवा तर तेलाच्या वासानेच पाठ फिरवी. मोल्तेने मात्र मला चाटून लख्ख केले.

बाईंचा धाकटा भाऊ आयलर्ट छोट्या बोटीने मासेमारी करी. कॉडचा हंगाम सुरू झाला तशी त्याची बादली आमच्या दारात येऊ लागली.

"ताई, कलेजी बघ कसली लुसलुशीत! घाल तुझ्या राजकन्येला."

"राजकन्या म्हणे! आधी बूट काढ मेल्या, लादी आत्ताच पुसलीय."

बाई रागावत, पण हसतही. त्या दिवसापासून तेल आणि कलेजी दोन्ही, रोज. मोल्तेला दुसरे काही गोड लागेना. तिची केसाळ पाठ चुलीजवळ अशी चमके की शेजारपाजारचे मुद्दाम बघायला येत. बाईंना मूठभर मांस चढले. घर किती दिवसांनी भरल्यासारखे वाटत होते.

पहिली खूण आयलर्टनेच पाहिली, पण दोघा भावंडांना ती कळली नाही. त्याने हाक मारली तेव्हा मोल्तेने मान वळवली नाही. चारी पाय हलवून सगळे अंगच त्याच्याकडे फिरवले.

"तोरा बघ हिचा!" तो म्हणाला. "मान वळवायलासुद्धा जड जातंय बाईसाहेबांना."

दोघे पोट धरून हसले. मला जमिनीवरून दिसत होते की ती माझ्यापर्यंत मान वाकवताना थांबते. पण बशीला कुठे बोलता येते?

पुढे तिच्या पाठीवर केसांच्या गाठी झाल्या. मांजर स्वतःची पाठ चाटून केस मोकळे ठेवते, आणि मोल्तेला मागे वळताच येत नव्हते. चमक गेली, गोळे धरले. ती माझ्यातले खाणे अर्धवट टाकू लागली. बाई घाबऱ्या झाल्या. उन्हावाचून पोरगी खंगली, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी एकाचे दोन चमचे केले. एके दिवशी कंगवा मानेला लागला तशी मोल्ते किंचाळली आणि बाईंच्या हाताला कडकडून चावली. कधीही न चावणारी ती. बाई हाताकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिल्या.

जनावरांची डॉक्टर सोलरून बोटीने बेटावर आली. तिने मोल्तेची मान हलकेच चाचपली आणि विचारले, "खायला काय काय घालता?"

बाईंनी सगळे सांगितले. दूध नाही, कांदा नाही, मीठ नाही. सांगताना त्यांचा आवाज ताठ होता. "आणि रोज तेल. आणि ताजी कलेजी. हिवाळाभर एक दिवस चुकवला नाही मी."

सोलरूनने मोल्तेला अलगद बाईंच्या मांडीवर दिले. मग म्हणाली, "बोर्गहिल्डबाई, दोन्हींत 'अ' जीवनसत्त्व भरमसाट असतं. चमचाभर तेल तुमच्या अंगाला चालतं. हिच्या एवढ्याशा अंगात ते नुसतं साठत गेलं. मानेची हाडं वाढून एकमेकांत जुळली असणार. शहरात हाडांचा एक्स-रे फोटो काढून खात्री करू, पण मला शंका वाटत नाही."

"मग तेल बंद केलं की सुटतील ना?"

"आणखी वाढायची थांबतील. जुळलेली सुटणार नाहीत."

"पण तेलानं हाडं सरळ राहतात," बाई म्हणाल्या. लहान मुलीसारख्या म्हणाल्या.

फोटोत तेच निघाले. बाईंनी तेलाची बाटली मोरीत ओतली. स्वतःसुद्धा पुन्हा कधी घेतले नाही. आयलर्ट बादली घेऊन आला तेव्हा त्या दार अडवून उभ्या राहिल्या. त्याला सगळे कळले तसा तो धक्क्यावर जाऊन बादली पाण्यात रिकामी करून आला, आणि कितीतरी वेळ पायरीवर टोपी हातात घेऊन बसला. त्यानेच ही पेटी आणली. मान न वाकवता मोल्तेचे तोंड माझ्यापर्यंत पोचावे, म्हणून पेटीवर मला ठेवले. गाठी कात्रीने कापल्या, दुखण्यावर औषध सुरू झाले, माझ्यात पुन्हा पूर्वीचे साधे, बरोबर खाणे येऊ लागले. प्रदर्शनाचे नावही कोणी काढले नाही.

पुढच्या शरदात एक गृहस्थ मोल्तेच्या बहिणीला घेऊन भेटायला आला. त्याने तिला पिल्लांचे खाणे सोडून दुसरे काही घातले नव्हते. केवढी झाली होती ती! आमच्या स्वयंपाकघराच्या मधोमध ती बसली, मान मागे वळवली आणि आपली पाठ चाटू लागली. सहज, काही विशेष नसल्यासारखी. मोल्ते कोपऱ्यातून सगळे अंग फिरवून तिच्याकडे बघत होती. बहिणीचे चाटून झाले तेव्हा बाई खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "पुन्हा कर ना गं."

त्या हिवाळ्यात मोल्तेचे दुखणे औषधालाही आवरेना. पेटीवरच्या मलाही तिने तोंड लावणे सोडले. एका सकाळी बाई तिला टोपलीत घालून बोटीने शहरातल्या दवाखान्यात, तिच्या यातना कायमच्या थांबवायला घेऊन गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा टोपली रिकामी होती.

मित्रांनो, मोल्तेला मायेची कमतरता कधीच नव्हती. माझ्यात पडलेला प्रत्येक चमचा मायेचाच होता. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी सांगते. तुमच्या घरी असे पिल्लू आले, तर आपल्याला जे मानवते ते त्यालाही मानवेल असे धरून चालू नका. त्याच्या अंगाला काय चालते, ते आधी जाणत्या माणसाला विचारा, आणि मगच बशी भरा. पिल्लू आपल्यावर विश्वास ठेवून समोर येईल ते चाटून पुसून खाते.

बाईंनी नंतर मांजर पाळले नाही. पेटीसकट मला त्यांनी बाहेर ठेवले. पण सकाळी न्याहारी झाली की त्या मागच्या पायरीवर येतात, माझ्यातले पावसाचे पाणी ओततात, मला चांगल्या स्वच्छ फडक्याने कोरडी करतात. मग पेटीवर पुन्हा ठेवून देतात, मोल्तेच्या तोंडाच्या उंचीवर.