उंबऱ्याबाहेरचा सांगावा

इंजिन बंद होऊन दहा मिनिटे झाली होती, तरी दोघांपैकी कोणीही गाडीचे दार उघडले नव्हते. समोर सरावलीची ती जुनी चाळ होती. एकेकाळी त्यांच्या असलेल्या तिसऱ्या खोलीच्या दाराला आता निळा रंग होता आणि बाहेर कोणाच्या तरी लहान चपला उलट्यापालट्या पडल्या होत्या. कारखान्यांकडून येणारा आंबूस वास बंद काचांतूनही आत शिरला होता. तेवढा मात्र बदलला नव्हता.

"उतरायचं नाही?" मंजुळाने अखेर विचारले.

"इथं गाडी लावायला जागा नाही," पुंजाराम म्हणाला.

जागा होती. दोन ट्रक उभे राहतील एवढी होती. पण तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून त्या निळ्या दाराकडे न बघता बसला होता, आणि चार दिवसांत पहिल्यांदाच हा बडबड्या माणूस गप्प झाला होता.

प्रवासाची कल्पना त्याचीच. फिटर म्हणून चौतीस वर्षे राबून निवृत्त झाल्यावर त्याने नाशिकच्या अंगणात पत्रे आणि लोखंडी चौकट जोडून एक ट्रेलर बांधला. आत दोन बाकडी, शेगडी, पाण्याची टाकी. बाहेर दाराशी दोन पायऱ्या. आपण जिथे जिथे राहिलो तिथे तिथे एकेक दिवस मुक्काम करू, तो म्हणाला होता, घाई कशाचीच नाही. आधी त्याचे जिंतूरकडचे गाव झाले. मग सफाळ्याची भाड्याची खोली, जिथे लग्नानंतरचे पहिले सहा महिने त्यांनी एका स्टोव्हवर काढले. तिथल्या भाताच्या खाचरांच्या कडेला रात्रभर ट्रेलर उभा होता आणि सकाळी शेजारच्या बाईने चहा देत विचारले होते, "ही गाडी हाय का खोली?" पुंजाराम खूश होऊन म्हणाला होता, "बायको रुसली तर खोली, हसली तर गाडी."

मंजुळा तेव्हा हसली होती. तिला हसायला काहीच हरकत नव्हती. तिचा मुक्काम पुढे होता.

नवापूरच्या किनाऱ्यावर तिच्या भावाची, कमलाकांतची, नवी होडी उद्या दसऱ्याला पाण्यात उतरणार होती. त्यांच्या घरात एक रीत होती. नव्या होडीच्या नाळेवर, पुढच्या त्या उभ्या टोकावर, पहिले कुंकू घरच्या लेकीने लावायचे. बापाच्या होडीला नऊ वर्षांच्या मंजुळाने लावले होते, कोणीतरी तिला खांद्यावर उचलून धरले होते. कमलाकांतला लेक नव्हती, एकुलता निमेश. म्हणून एकतीस वर्षांनी माहेरचा फोन आला, आणि तोही निमेशने केलेला. "आत्या, तू नाय आलीस तं होडी रेतीतच रावंल," तो म्हणाला होता.

ती येईन म्हणाली. आणि त्याच क्षणी तिने ठरवले की जायचे, साऱ्या गावासमोर होडीपुढे उभे राहायचे, करंडा उघडायचा, आणि बंद करायचा.

ताज्या मासळीला लवकर वास सुटतो. मीठ लावून उन्हात धरलेली वर्षभर टिकते. मंजुळाने आपला राग असाच टिकवला होता. परजातीच्या, परमुलखाच्या माणसाशी लग्न केले म्हणून भावाने बोलणे टाकले, ते तिने सोसले. पण आई गेली आणि त्याने निरोपही धाडला नाही. महिन्याने बोईसरच्या बाजारात एका मासळीवालीने सुकट तोलता तोलता सहज विचारले, "आयसच्या मातीला पन नाय आलीस गं?" त्या दिवसापासून त्या वाक्याला तिने ऊन दाखवले होते, रोज.

"चला मग," ती म्हणाली. पुंजारामने इतक्या तत्परतेने गाडी सुरू केली की मागचा ट्रेलर हिसका बसून करकरला.

*

सकाळची भरती चढत होती. किनाऱ्यावर बांबूंच्या चौकटींना दोऱ्या ताणल्या होत्या आणि त्यांवर हंगामातले पहिले बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने लटकत होते. होडी ओंडक्यांवर उभी होती, निळी आणि पिवळी, झेंडूच्या माळांनी झाकलेली. बाजूला आईचे नाव रंगवले होते: काशीबाई. ते वाचून मंजुळाच्या मनात काही हलले नाही, किंवा जे हलले त्याला तिने हलू दिले नाही.

पुंजारामने ट्रेलर रेतीच्या अलीकडे उभा केला. "मी इथंच थांबतो," तो म्हणाला. "तुमच्या घरचं कार्य आहे."

कमलाकांत म्हातारा झाला होता. त्याने बहिणीकडे पाहिले, मग तिच्या पायांकडे, आणि एवढेच म्हणाला, "ये बाय. भरती थांबत नाय."

बाया गाणे म्हणत होत्या. निमेशने आत्याला रेतीचा चढ चढवताना हात दिला. तिने पिशवीतून पितळी करंडा काढला, झाकण उघडले. गाणे थांबले. बोट कुंकवात बुडणार एवढ्यात तिने झाकण पुन्हा लावले. पितळेचा तो बारीक आवाज साऱ्यांनी ऐकला.

"दादा," ती शांतपणे म्हणाली, "आई गेली तेव्हा या घराला लेक नव्हती. कोणाला निरोप द्यावा असं कोणी नव्हतं. मग आज लेक कुठून आली? जिला आईचं तोंड दाखवलं नाही, तिच्या हातचं कुंकू कशाला हवं? राहू दे होडी रेतीत."

फोन आल्या दिवसापासून तिने ही वाक्ये घासूनपुसून ठेवली होती. ती जशीच्या तशी निघाली, एक शब्दही मागेपुढे झाला नाही. भावाचा चेहरा पडेल, तो हात जोडेल, आणि ती पाठ फिरवेल, असे तिने हजारदा पाहिले होते. पण कमलाकांतचा चेहरा पडला नाही. तो गोंधळला. मग त्या गोंधळातून जुना, तिच्याइतकाच जुना राग वर आला.

"निरोप नाय दिला?" तो म्हणाला. "भिका, सांग हिला."

गर्दीच्या कडेला ओंडक्यावर बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला. बापाच्या होडीवर आयुष्य घालवलेला भिका. तिला खांद्यावर उचलून धरणारा तोच होता.

"मी आलतो गं बाय तुज्या दारी," भिका म्हणाला. "सरावलीला. तू नळावर गेलतीस. तुजा नवरा व्हता. मी उंबऱ्याभाईर उबा ऱ्हायलो. त्यानं पानी आनलं, मी घेतलं नाय. बोललो, मंजुळाला घरी धाडा. आनि फिरलो."

किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला हे समजले, आणि मंजुळालाही. त्यांच्यात मयताचा सांगावा घेऊन जाणारा माणूस उंबरा ओलांडत नाही, त्या घरचे पाणी घेत नाही, कोणी मेल्याचे तोंडाने सांगत नाही. 'घरी धाडा' एवढेच म्हणून पाठ फिरवतो. बाहेर उभा राहून पाणी नाकारणारा माणूस म्हणजेच बातमी. हे इथले पोरही जाणते.

"तुजा नवरा मागून बोलला," भिका पुढे म्हणाला, "आमच्या हातचं पानी चालत नाय, तं आमची मानसं पन येनार नाय. मी काय बोलनार? मयताच्या वाटंवर मागं बघत नाय."

"दुसरी भरती येयपरेंत आयस ठेवली व्हती," कमलाकांत म्हणाला. "तुज्यासाटी. लोक शिव्या देत व्हते."

पाणी ओंडक्यांना लागले होते. मंजुळाने करंडा उघडला, बोट खोलवर बुडवले आणि होडीच्या नाळेवर एक लांब, ओबडधोबड रेघ ओढली. कोणाच्या डोळ्यांत न बघता ती खाली उतरली. मागे पुरुषांनी एकदम जोर लावल्याचा आवाज आला, मग होडी पाण्यात शिरल्याचा. तिने वळून पाहिले नाही.

तिचा राग कमी झाला नव्हता. एवढा जपलेला माल असा वाया जात नाही. त्याचे फक्त गिऱ्हाईक बदलले होते.

पुंजाराम ट्रेलरच्या वरच्या पायरीवर बसला होता. तिचे लाल बोट पाहून तो उभा राहिला. भिकाला त्याने दुरून ओळखले असावे. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते.

"मला वाटलं, आपलं पाणी चालत नाही म्हणून त्यानं घेतलं नाही. रागात तुला सांगितलंच नाही," तो म्हणाला. "आपल्या लग्नातही तुमच्यातल्या कोणी घोटभर घेतलं नव्हतं. मला काय माहीत ही रीत?"

"कधी कळली?"

त्याने दाराची कडी उगाच वरखाली केली.

"मी विचारते आहे, कधी?"

"महिन्याने. तू बाजारातून रडत आलीस, त्या दिवशी. कारखान्यात नवापूरचा एक जण होता, त्याला विचारलं."

"आणि एकतीस वर्षं?"

"तू त्या दिवशी म्हणालीस, आता मला माहेर नाही, जे आहात ते तुम्हीच." त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. "मला ते बरं वाटलं, मंजुळे. खोटं कशाला सांगू? त्या लोकांनी मला दारात उभं केलं नव्हतं, आणि त्यांची पोरगी म्हणत होती की तुम्हीच. मग उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता..."

समुद्रावर फटाक्यांची माळ वाजली. बोंबलांच्या चौकटींवरचे कावळे एकदम उडाले आणि पुन्हा बसले.

पुंजाराम आत गेला. टाकीची तोटी सोडल्याचा आवाज आला. तो स्टीलचा पेला भरून दारात आला, त्याने आपल्या हाताने कापलेल्या, घासलेल्या, रंगवलेल्या त्या दारात.

"उन्हातून आलीस," तो म्हणाला. "आधी आत ये. पाणी घे. मग काय बोलायचं ते बोल, मी ऐकतो."

मंजुळा पायरीखाली उभी होती. तिने पेल्याकडे पाहिले. पाणी काठापर्यंत भरलेले होते आणि त्याने पेला पुढे करताना थोडे पायरीवर सांडले. तिने हात पुढे केला नाही. पायरीवर पाऊल ठेवले नाही.

"मंजुळे," तो म्हणाला. आणि मग, ती नुसती उभी आहे आणि कशी उभी आहे हे हळूहळू ध्यानात येऊन, "अगं, असं नको. पाणी तरी घे. घेतेस ना?"

तिने पाठ फिरवली आणि मागे न बघता भावाच्या घराकडे चालू लागली.