सरळ धावणारी वळायला शिकली

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "ही चालते?" चालते तर! मी पाठीवर रेलून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल आहे. आता जुनी झाले, रंग उडाला, पण हौस तेवढीच आहे.

माझा जन्म फ्रीसलंड नावाच्या सपाट, वाऱ्याच्या प्रांतात, समुद्राच्या बांधाखालच्या एका रिकाम्या गोठ्यात झाला. गाई विकून मोकळ्या झालेल्या गेर्बेनने भंगारातल्या सायकली कापून, जोडून मला घडवलं, ते बायकोसाठी. निन्केची पाठ अधू झाली होती. साध्या सायकलवर तिला बसवत नव्हतं आणि पलीकडच्या गावी बहिणीच्या वाढदिवसाला तर ती दरवर्षी सायकलनेच जायची.

"गाडीत घालून नेऊ नकोस मला," ती म्हणायची. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

बांधावरचा रस्ता सरळसोट आणि वारा आडदांड. म्हणून गेर्बेनने माझं पुढचं चाक धरणारा चिमटा मुद्दाम उलटा बसवला. त्याचा बाक पुढे असायचा, तो मागे गेला. हँडलच्या तिरप्या दांड्याची रेघ तशीच तिरपी खाली ओढली तर ती जिथे जमिनीला लागेल, तिथून बरंच मागे माझं चाक टेकू लागलं. त्यामुळे वेगात ते आपोआप सरळ राही. गेर्बेन मला हात सोडून पळवायचा! मला कोण अभिमान वाटायचा.

मग निन्के बसली. ती निघाली सावकाश. बेकरीच्या वळणावर तिने हँडल जरासं फिरवलं आणि माझं चाक धाडकन एका बाजूला कलंडलं. आम्ही दोघी रस्त्याकडेच्या कालव्यात!

"तुला चालवता येत नाही," गेर्बेन म्हणाला.

निन्के केसांतलं शेवाळ काढत होती. "असं? मग बस तू. पण पळवायचं नाही हं. मी चालते, माझ्या बरोबरीने चल."

बांधावरचा राजा चालीच्या वेगात पार डगमगला. माझं चाक इकडे पडे, तो ओढी, की ते तिकडे पडे. शेवटी तोही त्याच पाण्यात गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कसं आहे पाणी?" निन्केने विचारलं.

"गार." मग काठावर चढत, "चिमटा फिरवतो."

चिमट्याचा बाक पुढे आला, चाक त्या रेघेच्या थोडंसंच मागे टेकू लागलं आणि मी हलक्या हाताने वळू लागले.

"आता हात सोडता येत नाहीत," गेर्बेन कुरकुरला.

"मग धरून ठेव की!"

मित्रांनो, कुणासाठी काही घडवलंत तर ते त्याच्याच चालीने चालवून पाहा. आणि घडवल्यावर विसरू नका, साखळीला तेल लागतं. मला ते निन्केच्या बहिणीच्या त्या वाढदिवसापासून आजवर मिळतं.

त्या दिवशी वारा समोरून होता. निन्के माझ्यावर आडवी, मजेत. साध्या सायकलवरचा गेर्बेन वाऱ्याशी झुंजत मागे पडत गेला. बहिणीच्या अरुंद फाटकातून आम्ही अलगद आत वळलो. बहीण आफ्के धावत बाहेर आली.

"अगं, तुला आणलं कुणी?"

"मीच आले," निन्के म्हणाली. "गेर्बेनची कॉफी झाकून ठेव, त्याला वेळ लागेल."