वाचनालयातलं दार

समजा, फोनमधली जागा भरत आली की घरातलीही भरत जाते. करून बघा कल्पना. जमली? मग आता चारूच्या घरात या, पण अंग चोरून, कारण तिथे उभं राहायलाही जागा उरलेली नाही.

चारूच्या घरी रोज सकाळी सगळ्या नातेवाइकांचे गुलाब येत. 'शुभ सकाळ' लिहिलेले गुलाब, वाफाळते कप, उगवते सूर्य. फोन वाजला की ते थेट स्वयंपाकघरात उतरत. गुलाब ओट्यावर चढले, सूर्य कपाटावर रचले गेले, भिंती आत सरकल्या. पोळी लाटताना आईची कोपरं दोन्हीकडे भिंतीला घासू लागली.

"काहीतरी डिलीट करायला हवं," भालूकाका म्हणाले. कप त्यांच्या गुडघ्यापर्यंत आले होते.

"गुलाब करू या ना," चारू म्हणाली. "निम्मे तर तुमचेच आहेत, काका."

"थोरामोठ्यांच्या शुभेच्छा पुसतात का कुठे? तो आवाज पूस. तोच दार अडवून बसलाय."

आवाज चारूच्या बाबांचा होता. शेवटच्या दिवाळीत घंटा बिघडली होती, म्हणून त्यांनी दारातूनच फोनवर निरोप पाठवला होता : "चारू, दार उघड गं. मी आलोय." बाबा गेल्यावर त्यांचं बोलणं तेवढंच उरलं. तो निरोप लावला की दारावर टकटक व्हायची. पण दारापुढे गुलाबांचा ढीग, त्यामुळे ते कधी उघडताच आलं नव्हतं.

"नाही पुसणार," चारू म्हणाली.

"अगं, एवढंसं तर बोलणं आहे."

"एवढंसंच आहे, म्हणून."

आईनं फोन चारूच्या हातात ठेवला आणि खिडकीतले सूर्य बाजूला केले. चारू खिडकीतून उतरली ती थेट वाचनालयात गेली.

ग्रंथपाल खेडेकरबाई कपाट लावत होत्या. चारूनं सगळं सांगितलं.

"नाव काय?"

"चारू."

"तुझं नाही गं. आवाजाचं."

"ऑडिओ. पुढे नुसते आकडे."

"बरं, मार हाक."

चारूनं हाक मारली. फोनमधले सगळे आवाज एकदम ओरडले : दूधवाला, शिवणवाल्या काकू, शाळेच्या बाई. बाबा त्यांत कुठे होते, कळेना.

"बघितलंस? कोण, कुठे, कधी, असं नीट नाव दे."

'बाबा, आमच्या दारात, दिवाळी' असं लिहून, पुढे वर्ष घालून चारूनं पुन्हा हाक मारली. या वेळी एकटे बाबा बोलले.

"आता प्रती काढू. एक इथल्या संगणकात राहील. एक पेनड्राइव्हवर, ती परगावी मामाकडे दे. एकीकडे आग लागली, चोर आले, काका आले, तरी दुसरीकडे असेल."

पहिली प्रत झाली आणि दोन कपाटांच्या मधल्या भिंतीत एक दार आलं. चारूच्या घरचंच. निळं, वाकड्या कडीचं. खेडेकरबाईंनी त्याच्यापुढची खुर्ची उचलली. "वाट मोकळी ठेवायची," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भालूकाका आले. त्यांच्यामागून गुलाबांचा लोंढा आत शिरला. पुस्तकं तरंगू लागली. काकांनी चारूच्या हातातून फोन ओढून घेतला आणि तो निरोप पुसून टाकला. तिकडे गल्लीत चारूच्या घराचं दार भिंतीत बुजून गेलं.

"झालं," काका म्हणाले. "सुटलो एकदाचे."

कपाटांच्या मधल्या दारावर टकटक झाली.

"चारू, दार उघड गं. मी आलोय."

काका कमरेएवढ्या गुलाबांत उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. "उघडू नकोस," ते हळूच म्हणाले. "माझा भाऊ होता तो. गेलाय तो, चारू."

"माहीत आहे मला," चारू म्हणाली, आणि टाचा उंच करून तिनं ती वाकडी कडी काढली.