गॅरेजमधली गाडी

मित्रांनो, माझा रंग निळा होता, हे आता मलाच सांगावे लागते. बघणारा मला राखाडीच म्हणेल. मी पाठीवर लावायची एक जुनी सॅक आहे. सध्या माळ्यावर एका मोडक्या पंख्याशेजारी पडून असते. अंग ठणकते, पण कापडाचेही अंग ठणकते हे कुणाला पटत नाही, म्हणून गप्प राहते. आज तुम्ही समोर बसलात, म्हणून बोलते.

माझा जन्म एका लांबट, कोंदट शेडमध्ये झाला. शिलाईच्या यंत्रांचा इतका गोंगाट असे की तिथल्या बायका एकमेकींशी खुणांनीच बोलत. एकीने माझे खिसे शिवले, दुसरीने चेन लावली, तिसरीने मला उलटसुलट करून सुटलेले धागे कापले. तिघींपैकी कुणालाही मी पुन्हा दिसले नाही. पुढे दुकानातून मला एका घरातल्या थोरल्या मुलाने, दादाने, घेतले. त्याने मला वापरले म्हणण्यापेक्षा राबवले. पुस्तके, चिखलाचे बूट, एकदा तर मांजरीचे पिल्लू! सुरुवातीला तो मला दर रविवारी पुसायचा. मग तो नोकरीला लागला, त्याला चामड्याची बॅग मिळाली आणि मी खुंटीवर गेले. कौतुकाचे दिवस संपायला फार वेळ लागत नाही, मित्रांनो.

तिथून मला त्याच्या धाकट्या बहिणीने काढले. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसलेली ती कुणी पाहिलीच नव्हती. तिची परीक्षा संपली होती आणि ती मोठ्या शहरात मावशीकडे निघाली होती. पहिल्यांदाच, आणि एकटी.

ही मावशी म्हणजे भिंगरीच्या आईची पाठची बहीण. फार वर्षांपूर्वी दोघी बहिणी कडाकडा भांडल्या होत्या. "आता येईन तर स्वतःच्या गाडीतून," असे म्हणून मावशी जी गेली, ती पुन्हा आलीच नाही. फोन मात्र करायची. मोठ्या हॉटेलात साहेबीण आहे म्हणायची. "ये गं भिंगरी, गाडीनं सगळं शहर दाखवते तुला," हे तिचे ठरलेले वाक्य होते.

बस शहरात पोचली तेव्हा मावशी घ्यायला आली होती. धापा टाकत, पायी.

"गाडी गं?" भिंगरीने विचारले.

"गॅरेजला टाकलीय. ऐन वेळी दगा दिला बघ मेलीनं!"

मावशीची खोली एका छापखान्याच्या वर होती. खालचे यंत्र चालू झाले की खोलीतला पलंग थरथरायचा आणि शाईचा वास वर यायचा. खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर भिंगरीलाच बसावे लागे, कारण मावशी ऐकतच नसे. दुपारी मावशी कामावर जाई, म्हणून सकाळभर ती भिंगरीला फिरवी. शहर पायी बघणे म्हणजे काय, ते पाठीवरच्या सॅकला विचारा. पाण्याच्या बाटल्या, छत्री, पाव, उकडलेली अंडी, सगळे माझ्याच पोटात. संग्रहालयाच्या पायऱ्या, नदीवरचा पूल, पुलापलीकडचा मनोरा, मनोऱ्याच्या पुन्हा पायऱ्या. बसमध्ये माणसांनी मला इतके चेपले की आतल्या केळ्यांची भुकटी झाली. भुकटी कसली, लगदाच.

भिंगरी पुढे धावत असे आणि माझे तोंड मागे. त्यामुळे तिला जे दिसत नव्हते ते मला दिसे. मावशी दर वळणावर कठडा धरून उभी राही. चप्पल काढून टाच चोळी. भिंगरीने वळून हाक मारली की झटकन चप्पल घालून हसत म्हणे, "आले, आले! तू हो पुढे." मी ओरडणार तरी कशी?

"उद्या मिळेल हं गाडी," ती रोज सांगे. "तो गॅरेजवाला म्हणजे एक नंबरचा चेंगट."

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी कामावर गेल्यावर भिंगरी एकटीच शहराच्या पार टोकाला असलेले प्राणिसंग्रहालय बघायला गेली. येताना बस अर्ध्या वाटेत बंद पडली. भिंगरी चालत निघाली आणि रस्ता चुकली. फोन मान टाकून बसला होता. टाचेला फोड आला, घसा कोरडा पडला, आणि डोळ्यांत पाणी यायच्या बेतात असताना तिला घरांच्या वरून मावशीच्या हॉटेलची पाटी दिसली. तिचा जीव भांड्यात पडला.

काचेच्या दारापाशी पितळी बटणांचा दरवान उभा होता. तिने मावशीचे नाव सांगितले. "साहेबीण आहेत इथल्या," असेही सांगितले.

दरवान जरा विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "हां, चादरीवाल्या बाई होय! मागच्या दारानं जा, पोरी. खाली, वाफ दिसेल तिकडे."

खाली खरोखरच वाफेचे ढग होते. भल्यामोठ्या गरम रुळांमध्ये दोन बायका ओली चादर सरकवत होत्या. त्यांतली एक मावशी होती. अनवाणी, घामाने निथळलेली, पाय सुजून टम्म झालेले. तिने भिंगरीला पाहिले आणि तिचे हात थांबले. चादर रुळांत वेडीवाकडी गेली.

भिंगरीने मला खाली ओल्या फरशीवर ठेवले.

"गाडी नाहीये गं," मावशी शेवटी म्हणाली. "कधीच नव्हती."

"आणि तो गॅरेजवाला?"

"तोही नाही."

"बघ! आणि मी तीन दिवस बिचाऱ्याच्या नावानं बोटं मोडतेय."

मावशीला हसू फुटले आणि हसता हसताच रडू. तिने शेजारच्या धुतलेल्या चादरीत तोंड लपवले.

"झालं! आता ही परत धुवा," रुळांपलीकडची दुसरी बाई, तिथली मुकादम, म्हणाली, पण स्वतःच जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली.

"या पायांवर तू मला मनोरा चढवलास?" भिंगरी म्हणाली. "मला सांगायचंस तरी!"

"काय सांगू? फोनवर नुसती तोंडानं फिरवत आले तुला इतकी वर्षं. निदान पायांनी तरी खरंखुरं फिरवावं म्हटलं. ताईला नको गं सांगूस."

संध्याकाळी खोलीवर आईचा फोन आला. आईचा आवाज असा खणखणीत की कोपऱ्यात पडून मलाही ऐकू येई. "काय गं, मिळाली का मावशीला गाडी?"

भिंगरीला खोटे बोलवेना आणि खरे सांगण्याची मनाई. तिने नुसतेच मावशीकडे पाहिले. मावशीने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"ताई, गाडी नाही. साहेबीण पण नाही. चादरी धुते मी."

मग आईचा आवाज आला, पण खणखणीत नाही. "मग इतकी वर्षं आली का नाहीस?"

"गाडीतूनच येईन म्हटलं होतं ना."

"अगं वेडे! आपल्या गल्लीत सायकल आडवी झाली तर माणूस अडकतो. गाडी लावणार कुठं होतीस, माझ्या डोक्यावर?"

दुसऱ्या दिवशी मावशीने गावी जायला रजा मागितली. "जा. चादरी कुठं पळून जात नाहीत," मुकादम बाई म्हणाली. परतीच्या बसमध्ये माझ्या पोटात दोघींचे कपडे होते. माझी चेन कशीबशी तग धरून होती. मावशी वाटभर झोपली. इतकी गाढ झोपलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती.

गावच्या थांब्यावर आई उभी होती. बहिणीला जवळ घेण्याऐवजी तिने आधी माझ्यावरच झडप घातली. "आण ती सॅक इकडे."

"राहू दे ताई, जड आहे."

"मला नाही जड होत! तुझे पाय बघ आधी."

"माझ्या पायांना काही झालेलं नाही."

एक पट्टा हिच्या हातात, एक तिच्या. कुणीच सोडेना. मला कळ सोसवेना. टर्रकन आवाज झाला, पट्टा मुळासकट उसवला आणि सगळे कपडे रस्त्यावर पडले. ते गोळा करायला दोघी खाली बसल्या आणि मग बराच वेळ उठल्याच नाहीत. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. भिंगरी एकटीच कपडे वेचत होती.

मित्रांनो, तेव्हापासून मी माळ्यावर आहे. मावशी आता दर सुट्टीला येते. भिंगरी शिकायला बाहेर गेली, नवी सॅक घेऊन. माझी तक्रार नाही. थकलेल्या वस्तूला लोक टाकाऊ म्हणतात, तेवढेच टोचते. पुष्कळदा तिला नुसता एक टाका हवा असतो. घरात कुणी दमून बसले असेल, तर त्याला विचारून तरी बघा.

आई अधूनमधून वर बघून म्हणते, "त्या सॅकचा पट्टा शिवायचा राहिलाच." खाली उतरलात, की तिला तेवढी आठवण करा. दाभण आणि जाड दोरा खालच्याच कपाटात आहे.