ड्रायव्हरबाईंची रविवारची फेरी

ड्रायव्हरबाईंनी दुर्बीण उलटी धरली होती. लेकीने पुढे येऊन ती त्यांच्या हातातून घेतली, सरळ करून परत दिली आणि बाकीच्या मंडळींकडे वळून चिखलात कुठला पक्षी काय टिपतोय ते सांगत राहिली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आई असो की आणखी कुणी, फेरीला आलं म्हणजे पाहुणा, हा तिचा खाक्या.

समुद्रकाठच्या या उद्यानाची देखरेख लेकीकडे होती. रविवारी सकाळी ती हौशी लोकांना पक्षी दाखवायला न्यायची. ड्रायव्हरबाईंचा उभा जन्म शहरातली बस चालवण्यात गेलेला. पक्षी म्हटलं की त्यांना पुढच्या काचेवर घाण करणारी कबुतरंच आठवायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, नोकरी संपली, तरी त्या इकडे कधी फिरकल्या नव्हत्या. आज आपणहून आल्या होत्या, आणि एकट्या आल्या नव्हत्या.

सोबत घड्याळजी होते. बसथांब्यासमोर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माणूस विधुर, बोलण्यात कंजूष. बाईंचं मनगटी घड्याळ वर्षभरात इतक्यांदा बिघडलं, की शेवटी घड्याळजींनीच सांगून टाकलं, बिघडलं नाही तरी येत चला. पुढचं सगळं सरळ रस्त्याने झालं. एकत्र राहायचं ठरलं. फक्त लेकीच्या कानावर घालायचं राहिलं होतं, आणि घरी विषय काढला तर ती उठून निघून जाईल, हे बाई जाणून होत्या. कामावर असली की ती कुठे जाणार? म्हणून ही फेरी.

"हे माझ्या ओळखीचे," एवढंच त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं. लेकीने नमस्कार केला आणि घड्याळजींना रांगेच्या शेवटी उभं केलं.

किनाऱ्याच्या वळणावर सगळे थांबले. खडकांमध्ये एक काळा-पांढरा, लाल चोचीचा पक्षी पंख आपटत होता. कालवफोड्या, लेक म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने तोंडातच ठेवलं. कुणीतरी टाकून दिलेला गळाचा नायलॉनचा दोरा त्याच्या पायाला आणि पंखाला गुरफटला होता, दुसरं टोक खडकात अडकलं होतं, आणि भरती चढत होती.

मंडळींना जागेवर थांबवून ती पाण्यात उतरली. पक्ष्यावर पिशवीतला टॉवेल टाकून, खडकावर बसून तिने त्याला मांडीवर घेतलं, खडकातलं टोक कात्रीने कापलं. पण पायावरचा दोरा मांसात रुतला होता. कात्रीचं पातं आत शिरेना. तिने दोनदा प्रयत्न केला आणि हात थांबवला.

घड्याळजी तोवर विजारीसकट गुडघाभर पाण्यात होते. खिशातून त्यांनी भिंग काढून डोळ्याला लावलं, बारीक चिमटा काढला. लेकीने वर पाहिलं. बाईंच्या ओठांवर शब्द आले होते. ज्या आवाजाने त्यांनी भर चौकातले ट्रक मागे हटवले, तो त्यांनी गिळला.

"पाय तेवढा मोकळा ठेवा," घड्याळजी म्हणाले. "मान सोडू नका."

"चोच लागेल तुम्हाला."

"लागू दे."

लागलीच. अंगठ्यातून रक्त आलं, पण चिमटा हलला नाही. एकेक वेढा सुटू लागला. सांधा कुठल्या बाजूला वाकतो ते लेक हळू आवाजात सांगे, घड्याळजी थांबत, ऐकत, मग पुढे जात. दोघांची डोकी जवळजवळ टेकली होती. शेवटचा वेढा निघाला तेव्हा लाट लेकीच्या कमरेला लागत होती. तिने टॉवेल उघडला. पक्षी तिच्या मांडीवर धडपडला, दोघांना शिव्या दिल्यासारखा कर्कश ओरडला आणि पाण्याला पोट लागेल इतक्या खालून सरळ उडून गेला.

फेरी संपल्यावर लेकीने घड्याळजींना आपल्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं आणि अंगठा धुऊन पट्टी बांधायला घेतली. बाई दारात उभ्या राहिल्या.

"आई, हे नुसते ओळखीचे नाहीत."

बाईंनी आठवडाभर घोकलेलं भाषण एका क्षणात पार पुसलं गेलं. त्याने काही अडलं नाही.

"नाहीत. पुढच्या महिन्यापासून आम्ही एकत्र राहणार. विचारायला नाही आले, सांगायला आलेय."

घड्याळजी आपल्या निथळत्या विजारीकडे पाहू लागले. लेकीने पट्टीचा आणखी एक वेढा दिला. त्याची गरज नव्हती.

"कुठल्या घरी?"

"आपल्याच."

"आणि बाबांचं कपाट?"

"आहे तिथेच राहील. यांचं हे घेऊन येतील."

लेकीने पट्टी कापली, टोक दाबून बसवलं, आणि घड्याळजींकडे वळली.

"तुम्ही घोरता का?"

घड्याळजी गोंधळले. बाईंकडे पाहिलं, तिथून काही मदत मिळेना. "घोरतो," ते ओशाळून म्हणाले. "बऱ्यापैकी."

"मग बरं आहे. बाबा घोरायचे. ते गेल्यापासून हिला धड झोप नाही."

बाईंनी चौकटीला हात लावला. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती. लेकीने कात्री पुसून पेटीत ठेवली, दुर्बीण गळ्यात अडकवली आणि पुढच्या मंडळींना आणायला फाटकाकडे निघून गेली.