पाव तासाने कोपणारी देवी

रामप्रसादला लाज म्हणून उरली नव्हती. बारावी पास झालेला, एका लेकीचा बाप असलेला माणूस घरच्या पितळी परातीत कुण्या परक्या बुवाचे पाय धूत होता, आणि त्याची बायको साधना बाहेर, मेंढरं कोंडायच्या वाडग्यापाशी दगडावर बसून होती. तिला घोटभर चहा नेऊन द्यावा, एवढंही त्याला सुचलं नव्हतं. भिवराबाईंना सगळं दिसत होतं. पोटचाच गोळा, म्हणून जास्त खुपत होतं. त्या आत जात, बाहेर येत, सूप उचलत, न पाखडताच खाली ठेवत. एका जागी बूड टेकत नव्हतं.

बोरीतलं अर्धं गाव त्यांच्या ओसरीवर लोटलं होतं. ओसरीलगतच्या खोलीत साधनाचा कॉम्प्युटर होता आणि त्याला म्हणे बाधा झाली होती.

कॉम्प्युटर जुना, शाळेनं मोडीत काढलेला. नवी ऑपरेटिंग सिस्टीम त्याला झेपेना, म्हणून शाळेतल्या शिवशंकर गुरुजींनी त्यात लिनक्स नावाची हलकी आणि फुकटातली सिस्टीम घालून दिली होती. दोन वर्षं साधना त्यावर गावाचे फॉर्म भरत होती. भिवराबाईंची शाळा दुसरीतच सुटली. पण सुनेच्या दारात भले भले पागोटेवाले कागद घेऊन ताटकळतात, याचा त्यांना केवढा ताठा! गेल्या दसऱ्याला लोकर कापायच्या कातरीशेजारी त्यांनी त्या खोक्याचीही पूजा केली. जे पोटाला घालतं ते पुजायचं, ही धनगराची रीत. तेव्हापासून दर रविवारी बिरोबाच्या नावानं चिमूटभर भंडारा जाळीतून खोक्याच्या पोटात जाई. धूळ बसू नये म्हणून वरून घरचीच घोंगडी.

यंदा ऊन वाढलं आणि पडद्यावर हिरवे-गुलाबी पट्टे उतरू लागले. अक्षरं फाटायची, चौकटी उड्या मारायच्या, कधी दोन काळे ठिपके कोपऱ्यात येऊन थांबायचे.

"डोळे हायत बगा ते, वाघाचे!" शेजारच्या कस्तुराबाईंनी हात जोडले.

"वाघाचे कशाचे? पोखर्णीचा नरसिंह हाय," सूर्यभान दुकानदार म्हणाला. "म्या दर्शनाला जाऊन आलोय. असेच वटारलेले."

"दोघांचंही खरं," पाटावरून विद्युतनाथ महाराज उद्गारले. "देवी आहे. नरसिंहाच्या रूपात आली आहे."

गिऱ्हाईक एकही तुटू द्यायचं नाही, ही विद्या महाराजांना पक्की होती. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष, आणि रुद्राक्षांच्या मधोमध ओवलेला एक पेनड्राइव्ह.

"लिनक्स! हे नाव काय साधं आहे? लिंगाक्ष! शिवाचा डोळा! गोऱ्या लोकांची जीभ वळेना, म्हणून लिनक्स झालं. या डोळ्यात वायरीवाटे शक्ती उतरते. अडाणी लोक तिला व्होल्टेज म्हणतात. अशुद्ध हात लागला की ती कोपते!"

"आयला," सूर्यभान शेजाऱ्याला म्हणाला, "आन् आमी फ्यूज बदलायलोय."

तीन दिवस हाच खेळ चालला होता. रात्रभर यंत्राला मौन, म्हणजे बटण बंद. सकाळी महाराज स्वतः चालू करत. पडदा आरशासारखा स्वच्छ! लोक जयजयकार करत. मग महाराज पाव तास प्रवचन ठोकत आणि म्हणत, "आता सुनेला बोलवा." साधनानं माऊसला हात लावला की दोन-चार मिनिटांत पट्टे सुरू. बायका किंचाळत. महाराज डोळे मिटून म्हणत, "आमच्या हाताला देवी शांत असते. आता बाधा कुणाला आहे, ते तुम्हीच ठरवा."

आणि गावानं ठरवलं होतं. साडेपाचच्या गाडीनं साधनाला गंगाखेडला माहेरी धाडायचं. पाच अमावास्या परत आणायचं नाही. कॉम्प्युटर तिथंच गोदावरीत सोडायचा. उतारा म्हणून दोन काळे एडके महाराजांच्या मठात. रामप्रसादनं सगळ्याला मान डोलावली. भिवराबाईंना ठाऊक होतं, अशी धाडलेली बाई परत आली तरी 'बाधेची' हे नाव तिच्या मागं राहतं, आणि पुढं लेकीच्या सोयरिकीत तेच आडवं येतं. नात साक्षी अवघी सहा वर्षांची होती.

आजचाही खेळ नुकताच संपला होता. महाराज पाय धुऊन घेत होते तेवढ्यात भिवराबाई खोलीत शिरल्या. बंद खोक्याकडे रागानं बघत त्यांनी घोंगडीखाली हात घातला आणि चटकन मागं घेतला. तवा नुसता!

त्या तशाच उभ्या राहिल्या. दुपारी धापा टाकणारं मेंढरू सकाळी ठणठणीत असतं. त्याला कुणी भूत लागलं म्हणत नाही. ऊन लागलं म्हणतात, आणि सावलीत बांधतात.

त्या तडक वाडग्याशी गेल्या.

"साधना, ते खोकं तापतंय का गं?"

"तापतंय, आत्याबाई. चार दिवस मी तेच सांगायलेय, पर ऐकतंय कोण?" साधनाचे डोळे सुजले होते, पण आवाज ताठ होता. "आधी वाटलं लिनक्सच बिघडलं. पर तापल्यावर बंद करून लगेच चालू केलं, तर लिनक्स यायच्या आधीच, कंपनीचं नाव उमटतं तिथंच पट्टे. म्हंजी दोष लिनक्सचा न्हाई. वायर बदलून बगितली, शाळेतला पडदा आणून लावला, तरी तेच. चित्र काढायचं एक कार्ड असतंय आत, त्याला पंखा असतोय. तो फिरत नसंल. उघडून बगणार, तवर ह्यांनी महाराज आणले. हात लावू देईनात."

"आन् सकाळी नीट कसं दिसतंय?"

"रातभर गार झालेलं असतंय. पाव तास टिकतंय, मंग तापतंय. महाराजाला ठाऊक हाय की ते! मागच्या हप्त्यात रेशनकार्डाचा फॉर्म भरायला आलते. पट्टे आले तवा मीच म्हणले, बसा महाराज, जरा थंड होऊ द्या. दोनदा बंद-चालू केलं त्यांच्यापुढं."

भिवराबाईंनी पदर खोचला.

तासाभरानं, खोकं पुरतं निवल्यावर, त्या भरल्या ओसरीत उभ्या राहिल्या. "महाराज, सुनेला तर धाडायचंच हाय. ती जायच्या आधी आमाला देवीचं दर्शन घेऊ द्या. तुमच्याच हातानं."

महाराज खुशीत यंत्रापुढं बसले. पडदा स्वच्छ उजळला. जयजयकार झाला. आठ-दहा मिनिटं लिंगाक्ष, शक्ती, व्होल्टेज झालं आणि महाराजांचा हात बटणाकडे वळला. "आता यंत्राला मौन."

"मौन कशाला एवढ्यात?" भिवराबाईंनी बटणावर आपला पंजा ठेवला. "तुमचा हात शुद्ध हाय. सून तिकडं वाडग्यापाशी हाय. घाबरायचं काय? बसा की."

"बाई, देवीची परीक्षा घेऊ नये."

"देवीची कोण घेतंय? तुमची घ्यायलेय."

लोक पुढं सरकले. बाराव्या मिनिटाला अक्षरं थरथरली, पंधराव्याला पहिला हिरवा पट्टा उतरला, आणि महाराजांचा शुद्ध हात माऊसवर असताना अख्खा पडदा गोधडी झाला.

"तिची... तिची नजर लागली लांबून!"

"मधी भिंत हाय, महाराज," सूर्यभान म्हणाला.

"साधना!" भिवराबाईंनी हाळी दिली. "पेचकस घेऊन ये!"

साधनानं विजेची वायर काढली, आतला भाग निवेपर्यंत थांबली, चार स्क्रू काढून पत्रा उतरवला. कार्ड बाहेर काढून तिनं पडद्याची वायर मशीनच्या मूळ, कार्डाविना चित्र दाखवणाऱ्या खोबणीत जोडली. चालू केलं. पाव तास झाला, अर्धा तास झाला, एक रेघ हलली नाही. मग तिनं ते कार्ड सगळ्यांपुढं धरलं. बोटभर पंखा लोकरीच्या तंतूंनी गच्च भरलेला, आणि वर पिवळा थर. हळदीनं लोकर थापली होती जणू.

महाराज झेपावले. "भंडारा! बघा, देवाचा भंडारा! देवच आत आहे!"

सगळ्यांच्या माना भिवराबाईंकडे वळल्या. दर रविवारी तो भंडारा कुणाच्या चिमटीतून पडे, ते गल्लीला माहीत होतं. उभ्या आयुष्यात कुणापुढं चूक कबूल न केलेली बाई. पण सून समोर उभी होती.

"देव न्हाई, मी हाय आत," त्या म्हणाल्या. "मह्या हातानं गेलाय तो भंडारा. घोंगडी बी मीच टाकली. देव कपाळाला लावायचा, पंख्यात कोंबायचा न्हाई, हे मला कळलं न्हाई. सुनेचा काडीचा दोष न्हाई."

साधनानं मऊ कुंच्यानं पंखा झाडला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. बोटानं ढकलताच पंखा गरगरला. कार्ड परत बसलं, घोंगडी काढली, आणि तासभर चालूनही पडदा स्वच्छ राहिला. त्या गडबडीत विद्युतनाथ महाराज कधी गेले, ते कुणी पाहिलं नाही. एडके मात्र वाडग्यातच होते.

दुपारी फॉर्मांची रांग पुन्हा लागली. रामप्रसाद दारात आला, खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं हसून म्हणाला, "चला, मिटलं एकदाचं. महाराजामुळं का व्हईना, मशीन उघडलं तर गेलं!"

साधनानं वर पाहिलं नाही. तिची बोटं तेवढी थांबली.

भिवराबाई उठल्या. रांगेतले लोक आपोआप बाजूला झाले.

"रामप्रसाद, हिकडं बग. तो बुवा लबाड हाय, लबाडीवरच त्याचं पोट. मी अडाणी, मी चुकले, चार माणसांत बोलले. तू बारावी शिकलास. मेंढरू आजारी पडलं तर आधी अंगाला हात लावून बगतोस, दात बगतोस, काय खाल्लं इचारतोस. बायकोला एक शबुद इचारला न्हाईस. इचारलं असतंस तर पहिल्याच दिशी कळलं असतं. यंत्र बिघडलं तर यंत्र उघडायचं, माणूस घराबाहेर काढायचं न्हाई. आन् कुणी महाराज म्हणला, तरी आपल्या हातानं करून बगितल्याबिगर मानायचं न्हाई. मह्या न्यायात तू त्या बुवापेक्षा मोठा गुन्हेगार हायस. त्यानं परक्याच्या बाईवर आळ घेतला, तू आपल्या बायकोवर घेतलास. ज्या लोकांपुढं तिला बाधेची म्हणलास, ते सगळे हितंच हायत. बोल आता, आन् मोठ्यानं बोल."